दोडामार्गच्या दलदलीतलं रानटी जायफळ: हे झाड ओळखायचं कसं आणि त्याच्या नावावर काय अवलंबून आहे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातला दोडामार्ग तालुका बातम्यांमध्ये येतो तो बहुतेक वेळा हत्तींमुळे, खाणींमुळे, नाहीतर तिलारी धरणामुळे. गेल्या काही वर्षांत त्यात एका झाडाची भर पडली आहे. २०१८ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात इथल्या हेवाळे-बांबर्डे परिसरातल्या एका पाणथळ जंगलाची नोंद प्रसिद्ध झाली. जायफळाच्या कुळातल्या रानटी झाडांच्या या दलदलीच्या जंगलाला ‘मायरिस्टिका स्वॅम्प’ म्हणतात. सह्याद्रीत इतक्या उत्तरेला असं जंगल असल्याची नोंद तोवर नव्हती. पुढे याच तालुक्यातल्या कुंब्रल गावात, देवाच्या नावाने राखलेल्या देवराईतही असं जंगल असल्याचं समोर आलं.

अशा बातम्यांमध्ये ‘सापडलं’ हा शब्द हमखास असतो. पण गावाच्या दृष्टीने तिथे सापडण्यासारखं काही नव्हतं. देवराई गावाची, व्हाळ गावाचा आणि झाडं पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोरची. नव्हतं ते झाडाचं शास्त्रीय नाव. आणि ते नसल्याने सरकारी कागदांवर ही झाडं ‘इतर रायवळ’ या रकान्यातच बसत होती.

नाव मिळणं ही साधी गोष्ट वाटते. मोबाइलवर फोटो काढला की नाव दाखवणारी अ‍ॅप्स आहेतच. मग दोडामार्गच्या या झाडाला इतका उशीर का झाला? त्याचं उत्तर झाडाच्या शरीरातच आहे.

मायरिस्टिका स्वॅम्प म्हणजे नेमकं काय?

मसाल्यातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. कोकणातल्या बागांमध्ये आज ते दिसतं, पण ते लावलेलं. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात मात्र त्याच कुळातली रानटी झाडं मुळापासून आहेत. त्यातल्या काही जाती अशा जागी वाढतात जिथे डोंगरातला लहानसा ओहोळ सपाट खोलगट जागेत पसरतो आणि जमीन वर्षाचा बराच काळ पाण्याने भिजलेली राहते.

भारतात अशी जंगलं मुख्यतः केरळच्या दक्षिण भागात, कोल्लम जिल्ह्यातल्या कुळत्तुपुळा परिसरात आणि कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातली ‘निरंकाराची राय’ ही देवराई याच प्रकारची. केरळातल्या सगळ्या दलदली एकत्र केल्या तरी क्षेत्र दीडशे हेक्टरच्या आसपास भरतं. एकेकाळी त्या बऱ्याच मोठ्या असणार, पण बाराही महिने ओलावा असलेली सपाट जमीन माणसालाही हवी होती. तिथे भातखाचरं झाली, पोफळीच्या बागा झाल्या. उरलं ते बहुतांशी देवाच्या नावावर, नाहीतर राखीव जंगलाच्या कोपऱ्यात.

बातम्यांमध्ये या जंगलांना ‘जिवंत जीवाश्म’ म्हटलं जातं आणि सोबत कोट्यवधी वर्षांचे आकडे येतात. ते आकडे सपुष्प वनस्पतींच्या एका जुन्या शाखेचे आहेत. चाफा, सीताफळ आणि जायफळ या कुळांचे पूर्वज त्या शाखेत एकत्र येतात. बांबर्ड्याची दलदल किंवा तिथली झाडं तेवढी जुनी आहेत, असा त्याचा अर्थ नाही. हे जंगल महत्त्वाचं ठरतं ते आज ते फार थोडं उरलं आहे म्हणून.

पहिली खूण जमिनीवर, पण ती पुरेशी नाही

या दलदलीत शिरल्यावर सगळ्यात आधी नजरेत भरतात ती मुळं. काही चिखलातून वर येतात, वळतात आणि पुन्हा चिखलात जातात, अगदी दुमडलेल्या गुडघ्यासारखी. काही खोडाच्या बुंध्यापासून तिरकी खाली उतरून झाडाला टेकू देतात. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते आणि मुळांना तर श्वास घ्यावा लागतो. म्हणून गुडघ्यासारखा भाग पाण्याबाहेर राहतो आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतो.

फोटोत ही मुळं फार छान दिसतात, त्यामुळे बातमीतला फोटो बहुधा त्यांचाच असतो. पण ओळख पटवायला त्यांचा उपयोग मर्यादित आहे. खाडीतल्या कांदळवनातही काही झाडांना गुडघ्यासारखी मुळं येतात आणि त्यांचा जायफळाशी काडीचा संबंध नाही. अशी मुळं झाड कुठे वाढतं आहे ते सांगतात. झाड कोणतं, हे त्यांच्यावरून ठरत नाही.

कुळ कसं ठरतं?

जायफळाचं कुळ ओळखायला तीन-चार खुणा एकत्र पाहाव्या लागतात. पहिली खूण म्हणजे रक्तासारखा लाल रस. साल किंवा कोवळी फांदी दुखावली की पातळ तांबडा चीक येतो. एवढ्यावर निर्णय देता येत नाही, कारण बिवळ्याच्या सालीतूनही लाल चीक येतो. पण बिवळ्याचं पान अनेक पर्णिकांचं असतं आणि तो पानगळीच्या जंगलातला, त्यामुळे गोंधळ फार वेळ टिकत नाही. (देवराईतल्या झाडावर कोयता मारून हा रस पाहायची गरज नसते. वाऱ्याने मोडलेली ताजी डहाळीही चालते.)

दुसरी खूण फांद्यांच्या ठेवणीत आहे. सरळ खोडाला ठरावीक अंतरावर चार-पाच फांद्या एकाच पातळीत, जमिनीला समांतर फुटतात. मग थोडं खोड, मग पुन्हा तशाच फांद्या. लहान वयाची सावर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही मजल्यांची रचना लगेच कळेल. सावरीला मात्र काटे असतात आणि तिचं पान पंजासारखं असतं.

तिसरी खूण पानांची. पान साधं, कडा अखंड, देठाला उपपर्णं नाहीत. डहाळीवर पानं एकाआड एक, दोन बाजूंना दोन रांगांत असतात. वरून हिरवंगार असलेलं पान उलटलं तर कुळातल्या अनेक जातींत पाठ फिकट, पांढुरकी दिसते. लांबून पाहिलं तर कुणीही याला आंब्याचं पान म्हणेल. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातल्या निम्म्या झाडांबाबत हीच अडचण आहे. जास्त पावसाच्या जंगलात लांबट, चिवट, टोकदार पानं इतक्या वेगवेगळ्या कुळांत तयार झाली आहेत की केवळ पानावरून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तो माणूस असो की अ‍ॅप.

खरी खात्री पटते ती फळावरून. जाडसर सालीचं फळ पिकलं की दोन शकलांत उकलतं आणि आत एकच मोठं बी दिसतं, लाल किंवा पिवळसर जाळीने गुंडाळलेलं. हीच जायपत्री. बी आडवं कापलं तर आत संगमरवरासारख्या तपकिरी रेषा दिसतात. घरातलं जायफळ किसताना मधल्या कापावर जी नक्षी दिसते, तीच. लाल रस, मजल्यांच्या फांद्या, दोन रांगांतली साधी पानं आणि जायपत्रीत गुंडाळलेलं एकच बी, एवढं जुळलं की कुळाबद्दल शंका राहत नाही.

अवघड भाग यानंतरचा

कुळ कळलं तरी जात कळलेली नसते. पश्चिम घाटात या कुळाच्या तीन प्रजाती आहेत: मायरिस्टिका, नेमा आणि जिम्नाक्रॅन्थेरा. यातली जिम्नाक्रॅन्थेरा मुख्यतः कर्नाटक आणि केरळच्या दलदलीतली. कोकणापुरता प्रश्न मायरिस्टिका आणि नेमा यांचा.

या दोघांत फरक करायला फूल लागतं किंवा जायपत्री. मायरिस्टिकाचं फूल काही मिलिमीटरचं, संक्रांतीच्या सुगडासारख्या आकाराचं. पाकळ्या वेगळ्या नसतात, सुगडाच्या तोंडाला तीन दात असतात. नर फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांचा एकच खांब झालेला असतो. नेमाच्या नर फुलात मात्र पुंकेसरांची चपटी, चांदणीसारखी चकती असते. जायपत्रीतही फरक आहे. मायरिस्टिकाची जायपत्री जवळजवळ तळापर्यंत चिरलेली, पट्ट्यापट्ट्यांची असते. नेमाची मात्र बीभोवती जवळपास अखंड, फक्त टोकाशी थोडी फाटलेली.

मग मायरिस्टिकातल्या जाती. त्यातली एक मराठी स्वयंपाकघराला आधीच ओळखीची आहे, फक्त झाड म्हणून नाही. मसाल्याच्या दुकानात ‘रामपत्री’ मिळते ती मायरिस्टिका मलबारिका या जातीच्या बियांवरची जाळी. जायपत्रीसारखीच दिसते, पण तो वास तिला नसतो. म्हणून ती खऱ्या जायपत्रीत भेसळ करायलाही वापरली जाते. दोडामार्गच्या दलदलीतली जात तिची बहीण, मायरिस्टिका मॅग्निफिका. नावाला साजेशी तिची पानं मोठी असतात, कधीकधी फूट-दीड फूट लांब. कोवळ्या डहाळ्यांवर आणि पानाच्या पाठीवर गंजाच्या रंगाची लव असते. मलबारिकाचं पान त्या मानाने लहान आणि गुळगुळीत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मलबारिका ‘असुरक्षित’ गटात आहे आणि मॅग्निफिका त्याहून वरच्या, ‘धोक्यात’ असलेल्या गटात.

म्हणजे लव आहे की नाही, जायपत्री कुठपर्यंत चिरलेली आहे, एवढ्या बारक्या गोष्टीवर झाडाचा दर्जा बदलतो.

त्यात नावाचाही घोळ आहे. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातले वनाधिकारी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड बेडोम यांनी मॅग्निफिका ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. नंतर तिला इंडोनेशियाकडच्या मायरिस्टिका फतुआ या जातीचा एक प्रकार ठरवण्यात आलं आणि अनेक जुन्या भारतीय यादींमध्ये ती आजही त्याच नावाने आढळते. हा वाद फक्त पुस्तकी नाही. दूरवर पसरलेल्या जातीचा स्थानिक प्रकार आणि जगात फक्त पश्चिम घाटात असलेली स्वतंत्र जात, यातलं कोणतं झाड वाचवायची निकड जास्त वाटते हे सांगायला नको.

अ‍ॅप आणि डीएनए इथे का अडखळतात?

फोटोवरून झाड ओळखणारी अ‍ॅप्स आधी पाहिलेल्या फोटोंवर शिकतात. दुर्मीळ झाडाचे फोटोच कमी, त्यातही बहुतेक मुळांचे. शिवाय वीस मीटर उंचीवरचं काही मिलिमीटरचं फूल मोबाइलच्या टप्प्यात येत नाही. डीएनए तपासणी प्रजातीपर्यंत बऱ्यापैकी नेते, पण एकमेकींच्या जवळच्या जातींत फरक करताना ठरावीक जनुकांचे तुकडे अनेकदा अपुरे पडतात. आणि तुलनेसाठी खात्रीने ओळखलेला नमुना लागतोच. तो कुणीतरी फूल-फळ पाहूनच ओळखलेला असतो.

म्हणून शेवटी गोष्ट हर्बेरियमपाशी येते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लाटर हर्बेरियम अशा संग्रहांत कागदावर दाबून वाळवलेले नमुने जपलेले आहेत. नव्या नमुन्याची त्यांच्याशी तुलना होते. वाळल्यावर रसाचा रंग, फुलाचा रंग, वास निघून जातो. त्यामुळे नमुना घेतानाच चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, उंची, रस, मुळं यांची नोंद केली नाही तर अर्धी ओळख जंगलातच राहते.

आणखी एक अडचण आहे. पपईसारखं यातही नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. नर झाडाला फळ कधीच येत नाही. मादीला येतं, पण फूल आणि पिकलेलं फळ एकाच फेरीत हाती लागणं कठीण. म्हणजे एकदा जाऊन काम होत नाही. वर्षभरात दोन-तीन खेपा, त्याही जळवांच्या दिवसांत.

उत्तर कन्नडमध्ये सिद्दापूर तालुक्यातल्या कत्तलेकान या जंगलाचं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ अंधाराचं रान. तिथल्या दलदलीतून २००० साली सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस ही झाडाची संपूर्ण नवी जात नोंदवली गेली. आपल्या बिब्ब्याची ही जवळची नातेवाईक, त्यामुळे तिचा चीकही अंगावर घेण्यासारखा नाही. लोकवस्तीपासून फार लांब नसलेल्या जंगलात इतकं मोठं झाड विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बिननावाचं राहू शकतं. केरळच्या अशाच दलदलीतून २०१३ साली मर्क्युराना या नव्या प्रजातीचा बेडूक नोंदवला गेला, त्याच्या जातीच्या नावातच मायरिस्टिकाची दलदल आहे.

नावाने कायद्यात काय बदलतं?

महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या झाडतोडीचं नियमन १९६४ च्या कायद्याने होतं. त्याला झाडांची एक अनुसूची जोडलेली आहे. त्यात साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिवळा अशी नावं आहेत. म्हणजे लाकूड, फळ किंवा पैसा यामुळे लोकांना आधीपासून माहीत असलेली झाडं. रानटी जायफळ त्यात नाही. सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा असल्याने ही त्रुटी इथे जास्त जाणवते.

नाव मिळाल्यावर दुसरा रस्ता उघडतो, तो जैविक विविधता कायदा, २००२ चा. त्याच्या ३७ व्या कलमानुसार राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी चर्चा करून एखाद्या जागेला ‘जैविक वारसा स्थळ’ घोषित करू शकतं. बांबर्ड्याच्या दलदलीला तो दर्जा मिळाला आहे. क्षेत्र आहे अवघं अडीच हेक्टरच्या आसपास. जात ओळखली गेली नसती तर त्या प्रस्तावात लिहिण्यासारखं काय होतं, हा प्रश्न विचारून पाहावा. ‘पाणी साचणारी जुनी राई’ या वर्णनावर सरकारी अधिसूचना निघत नाही.

पण अडीच हेक्टरची हद्द आखल्याने दलदल सुरक्षित होते का? इथे या दर्जाची मर्यादा दिसते. दलदल जगते ती वरून येणाऱ्या पाण्यावर. वरच्या उतारावरचं जंगल काढून रबर किंवा काजूची सलग लागवड झाली, व्हाळाचं पाणी बागेसाठी वळवलं, खाणीसाठी डोंगर कापला, तर हद्दीतल्या एकाही झाडाला हात न लावता दलदल वाळू शकते. दोडामार्गात या तिन्ही गोष्टी आधीपासून सुरू आहेत. देवराईतल्या मंदिराचा जीर्णोद्धार हाही एक धोका आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गाभाऱ्यापुढे मंडप, मंडपापुढे काँक्रीटचं अंगण आणि तिथवर गाडीचा रस्ता झाला की पाण्याची वाट बदलते. श्रद्धेनेच राखलेली राई श्रद्धेच्याच बांधकामाने आक्रसते.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचा वाद त्यामुळेच या झाडाशी जोडलेला आहे. सह्याद्रीतल्या वन्यजीवांचा हा येण्या-जाण्याचा मार्ग. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इथल्या वृक्षतोडीला मनाई केली होती. मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत पूर्ण करण्यास केंद्राला सांगितलं. दुसरीकडे संपूर्ण पश्चिम घाटासाठीची अधिसूचना २०१४ पासून मसुद्यावर मसुदे होत राहिली. ३१ जुलै २०२४ चा सहावा मसुदा सहा राज्यांतल्या ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटरचा होता, त्यात महाराष्ट्राचा वाटा १७ हजार ३४० चौरस किलोमीटर. यातल्या गावांचा विरोध निव्वळ अज्ञानातून येतो असं समजणं चुकीचं आहे. घर, गोठा, बाग यांवर निर्बंध येतील ही भीती आहे आणि ती दूर करणारी भाषा सरकारी मसुद्यांत सापडत नाही.

प्रकल्पांच्या अहवालात झाड का दिसत नाही?

खाणीसारख्या प्रकल्पासाठी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार होतो, त्यात परिसरातल्या वनस्पतींची यादी असते. २००६ च्या अधिसूचनेच्या चौकटीत अशा प्रकल्पांना साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते. आता वर सांगितलेल्या खुणा आठवून पाहा. नर झाडाला फळ नाही, मादीचं फळ त्या हंगामात असेलच असं नाही, फूल दिसत नाही इतकं लहान आणि उंच, पान आंब्यासारखं. अशा वेळी पाहणी करणाऱ्याने प्रामाणिकपणे काम केलं तरी रानटी जायफळ सुटून जाऊ शकतं. कागदावर ‘दुर्मीळ जाती आढळल्या नाहीत’ असं येतं आणि ते वाचणारा समजतो की तिथे दुर्मीळ जाती नाहीत. या दोन वाक्यांत फरक आहे, पण जनसुनावणीत तो दाखवून देणारा कुणी लागतो.

तो फरक गावपातळीवर दाखवता येईल असं एक साधन कायद्यातच आहे: लोक जैवविविधता नोंदवही. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ती तयार करायची असते. फुलाचा हंगाम कोणता, मादी झाडं किती आणि कुठे, व्हाळाचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, ही माहिती बाहेरून दोन दिवसांसाठी आलेल्या तज्ज्ञापेक्षा राईशेजारच्या घरात जास्त असते. बाहेरच्या एखाद्या यादीची नक्कल करून भरलेल्या नोंदवहीचा मात्र काही उपयोग नाही.

मादी झाडं कुठे आहेत ही नोंद रोपवाटिकेसाठीही लागते. रानटी जायफळाचं बी वाळवून साठवता येत नाही, वाळलं की ते मरतं. जंगलात हे काम धनेश करतो. जायपत्रीसाठी तो बी गिळतो, गर पचवतो आणि बी दुसरीकडे टाकतो. माणसाला ते करायचं असेल तर फळ उकलल्यापासून काही दिवसांच्या आत बी ओल्या मातीत जायला हवं. आणि वर्षभरानंतर ते रोप लावायला ओली, सावलीतली, व्हाळाकाठची जागा शिल्लक असायला हवी.